कॉलेजचा हॉकीपटू पारखावा कसा

आंतरमहाविद्यालयीन हॉकीचा सामना पाहायला जायचे असेल, तर ठरलेल्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी मैदानावर पोहोचावे. सामना पिंपरीतल्या नेहरूनगरच्या मेजर ध्यानचंद स्टेडियमवर असेल, तर पुण्याहून जाणाऱ्याने मेट्रोने संत तुकारामनगरला उतरून पुढे रिक्षा करावी. बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात असेल, तर प्रवेशद्वारापासून मैदानापर्यंत बरेच चालावे लागते, हे गृहीत धरून निघावे. सोबत टोपी, पाण्याची बाटली, पेन आणि एक दोनशे पानी वही असावी. दुर्बिणीची गरज पडत नाही, कारण प्रेक्षक इतके मोजके असतात की हवी ती जागा मिळते. ती जागा मात्र विचार करून निवडावी. मध्यरेषेसमोर बसले की चेंडू चांगला दिसतो. गोलच्या मागे, कोपऱ्याच्या बाजूला आणि थोडे उंचावर बसले की खेळाडू चांगले दिसतात. पारख करायची असेल तर ही दुसरी जागा घ्यावी.

हे सगळे मी प्रशिक्षक म्हणून सांगत नाही. माझे बालपण खडकीत गेले, आणि कॉलेजात असताना मी संघाचा राखीव गोलरक्षक होतो; म्हणजे तीन वर्षे मी पॅड बांधून बाकावर बसलो आणि सामने पाहिले. मुख्य गोलरक्षक कधी आजारी पडला नाही. त्या बाकावरून मला एक गोष्ट कळली, जी पुढे वीसेक वर्षे कॉलेजची हॉकी पाहताना पुन्हापुन्हा खरी ठरली: आपण ज्याच्याकडे चेंडू असतो त्याच्याकडे पाहतो, निवड समितीही बहुतेक वेळा त्याच्याकडेच पाहते, आणि त्यामुळे एखादा मुलगा किंवा मुलगी पुढे काय होऊ शकेल याचा अंदाज दोघांचाही चुकतो. हौसेने सामने पाहणारे, मुलांना कॉलेजात हॉकीसाठी घालू पाहणारे पालक आणि नुकताच जिमखान्याचा कार्यभार गळ्यात पडलेले प्राध्यापक, या तिघांनाही पुढील पद्धत उपयोगी पडावी.

सामन्याआधीचा अर्धा तास

लवकर पोहोचण्याचे कारण असे, की सरावाच्या वेळी खेळाडू स्वतःला लपवत नाही. सामन्यात तो प्रतिस्पर्ध्याच्या दबावाने चुकतो की मुळातच त्याचे तंत्र कच्चे आहे, हे ठरवणे अवघड असते. सरावात ही अडचण नसते. दोन खेळाडू वीस पावलांवर समोरासमोर उभे राहून पास देत असतील, तर देणाऱ्याकडे न पाहता घेणाऱ्याकडे पाहावे. चेंडू स्टिकवर येताच तो थांबतो, की खेळाडू त्याच स्पर्शात त्याला पुढच्या हालचालीच्या दिशेने वळवतो? घेताना पाय जमिनीत रोवलेले असतात की चालते असतात? एकाच बाजूने घेतो की रिव्हर्सनेही, म्हणजे स्टिक उलटी फिरवूनही, तितक्याच सहज घेतो? वहीत त्याच्या क्रमांकापुढे एवढे तीन शेरे आले तरी अर्ध्या तासाचे चीज झाले.

येथे पुण्यातली, किंबहुना महाराष्ट्रातली एक खास अडचण लक्षात घ्यावी लागते. ऑलिंपिकची हॉकी १९७६ मध्ये माँट्रियलला कृत्रिम मैदानावर गेली, पण आपल्याकडची बरीचशी मुले आजही शाळेच्या मुरमाच्या मैदानावर खेळायला शिकतात आणि पोलिग्रास, म्हणजे कृत्रिम टर्फ, त्यांना स्पर्धेपुरतेच भेटते. मुरमावर चेंडू कधी उसळेल याचा नेम नसतो, म्हणून मुलगा चेंडू येताना त्याच्यावरून नजर काढत नाही, स्टिक उभी धरून त्याला जागच्या जागी मारतो आणि मगच मान वर करतो. त्या मैदानावर हे अगदी शहाणपणाचे आहे. किंबहुना मुरमावर वाढलेल्या मुलांचे हात फार मऊ असतात आणि वेडावाकडा चेंडू ते ज्या सहजतेने काबूत आणतात, ते पाहत राहावे असे असते. परंतु टर्फवर चेंडू सरळ आणि वेगाने येतो. तिथे मान खाली घालून चेंडू थांबवणाऱ्याला जो अर्धा सेकंद लागतो, तेवढ्यात समोरचा बचावपटू येऊन उभा राहतो. म्हणून कॉलेजच्या पहिल्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा नियमितपणे टर्फवर खेळणारा मुलगा शाळेत होता त्यापेक्षा मागे गेल्यासारखा वाटला, तर लगेच नाक मुरडू नये. तो एक सवय मोडत असतो आणि तिच्या जागी दुसरी अजून बसलेली नसते.

चेंडू सोडून पाहण्याची सवय

हॉकीचा सामना आता पंधरा मिनिटांच्या चार सत्रांचा असतो. ही विभागणी आपल्या कामाची आहे. सामना सुरू होण्यापूर्वीच चार खेळाडू निवडावेत, प्रत्येक सत्रात एकाच खेळाडूवर नजर ठेवावी, आणि चेंडू कुठेही असला तरी ती हटवू नये. पहिल्यांदा हे करताना फार चुकल्यासारखे वाटते. शेजारी बसलेला ओरडतो, गोल होतो आणि आपल्याला तो दिसलेलाही नसतो. गोल कोणी केला ते नंतर गुणपत्रकावरून कळते. त्या वेळी आपला राइट हाफ, म्हणजे मधल्या ओळीतला उजवीकडचा खेळाडू, कुठे उभा होता, हे मात्र कोणत्याही गुणपत्रकात नसते.

पाहायचे काय? सर्वांत आधी मान पाहावी. चांगला खेळाडू चेंडू आपल्याकडे येण्याआधी एकदा, जमल्यास दोनदा, खांद्यावरून मागे पाहतो. ही नजर इतकी ओझरती असते की चेंडूच्या मागे धावणाऱ्या प्रेक्षकाला ती कधीच दिसत नाही. मी ती मोजतो. ‘चेंडू मिळाला अकरा वेळा, आधी पाहिले चार वेळा’ अशी नोंद वहीत ठेवली, की वर्षभराने त्याच खेळाडूची दुसरी नोंद तिच्याशेजारी ठेवता येते. नेहरूनगरला एका दमट दुपारी मी एका मुलीला संपूर्ण सत्र पाहिले होते. ती राइट हाफला खेळत होती, उंचीने बेताची, ड्रिबलिंग जवळजवळ नाहीच. पण चेंडू तिच्याकडे वळण्याआधी तिची वेणी प्रत्येक वेळी एकदा डाव्या खांद्यावरून हलायची, आणि चेंडू तिच्या स्टिकवर येईपर्यंत तिचे शरीर मैदानाकडे अर्धे उघडलेले असायचे, त्यामुळे पहिल्याच स्पर्शात पास देता यायचा. पंधरा मिनिटांत तिने एकही चेंडू गमावला नाही आणि पंधरा मिनिटांत तिच्यासाठी एकदाही टाळी वाजली नाही.

दुसरी पाहण्याची गोष्ट म्हणजे चेंडू हातचा गेल्यानंतरचे पाच सेकंद. ते मनातल्या मनात सरळ मोजावेत. काही खेळाडू चेंडू गेला की पंचांकडे पाहतात, काही स्वतःच्या स्टिककडे पाहतात, काही जण हात पसरून सहकाऱ्याला दोष देतात. आणि काही जण वळून धावायला लागलेले असतात. कौशल्य शिकवता येते, दमही वाढवता येतो, परंतु ही वळण्याची सवय विशीनंतर क्वचितच लागते, असे माझे मत आहे. माझ्याशी असहमत असणारे एक-दोन प्रशिक्षक मला माहीत आहेत, आणि त्यांनी घडवलेले खेळाडू पाहता त्यांचेही म्हणणे मी अगदीच मोडीत काढत नाही.

तिसरी गोष्ट बदली होताना दिसते. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बाहेर येऊन पुन्हा आत जाऊ शकतो, त्यामुळे बाकाला इतर खेळांपेक्षा फार अधिक महत्त्व आहे. बाहेर आलेला खेळाडू पाणी पिऊन मैदानाकडे पाठ करून बसतो, की आपल्या जागी कोण कसे खेळते आहे ते पाहतो? पुन्हा आत गेल्यावर पहिल्या मिनिटात तो सामन्याच्या वेगात असतो की त्याला गरम व्हायला तीन मिनिटे लागतात? तीन मिनिटे म्हणजे सत्राचा पाचवा भाग झाला.

माझी एक फसगतही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या लेफ्ट विंगरवर मी दोन पाने भरून लिहिले होते. तीन जणांना चकवून तो ज्या प्रकारे डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धवर्तुळात, शिरायचा, ते पाहून मी ओळखीच्या सगळ्यांना त्याच्याबद्दल सांगत सुटलो. तो सामना मुरमावर होता आणि मी, स्वतःचाच नियम मोडून, दीड तास फक्त त्याच्याच चेंडूकडे पाहत होतो. पुढच्या हंगामात टर्फवर त्याला पाहिले. दोन बचावपटू एकमेकांना धरून उभे राहिले की त्याच्याकडे दुसरा उपायच नसे. तो पुन्हा त्यांच्याच अंगावर जाई. जुनी दोन पाने वाचली, तेव्हा त्यांत चेंडू नसताना तो काय करत होता याबद्दल एक शब्दही नव्हता.

पेनल्टी कॉर्नर आणि गोलरक्षक

पेनल्टी कॉर्नरला सगळे मैदान ड्रॅगफ्लिक करणाऱ्याकडे, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन गोलकडे उडवणाऱ्याकडे, पाहते, आणि ते स्वाभाविकही आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या हरमनप्रीत सिंगने १० गोल केले, तेव्हापासून तर कॉलेजच्या प्रत्येक उंच मुलाला आपण फ्लिकर व्हावे असे वाटू लागले आहे. तथापि कॉलेजच्या सामन्यात कॉर्नर वाया जातो तो बहुतेकदा फ्लिकच्या आधी. चेंडू गोलपोस्टपासून १० मीटरवरून आत ढकलला जातो, डीच्या बाहेर तो थांबवावा लागतो आणि मगच फटका मारता येतो. या तीन क्रियांपैकी मधली, म्हणजे थांबवण्याची, सर्वांत दुर्लक्षित असते. ढकललेला चेंडू उसळत आला किंवा हातभर बाजूला थांबला, की फ्लिकरची पावले चुकतात आणि दोष त्याच्या नावावर जातो. म्हणून प्रत्येक कॉर्नरला वहीत तीन वेगळे शेरे करावेत. पहिला फटका स्टिक मागे नेऊन हाणलेला असेल, तर चेंडू गोलरेषा ओलांडताना गोलच्या तळाशी असलेल्या फळीच्या उंचीपेक्षा, म्हणजे ४६ सेंटिमीटरपेक्षा, वर नसावा लागतो. फ्लिकला ही मर्यादा नाही, म्हणूनच तिची एवढी किंमत आहे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून रोज शेकडो फ्लिक मारून घेणाऱ्या उत्साही मंडळींनी त्याच्या कमरेचाही विचार करावा, एवढे येथे नोंदवून पुढे जातो.

बचावाच्या बाजूने गोलरेषेमागे गोलरक्षकासह पाच जण असतात, बाकीचे मध्यरेषेपलीकडे. त्या पाचांपैकी पहिला धावून जाणारा, म्हणजे रशर, हा संघातला सर्वांत धाडसी खेळाडू असतो असे समजण्याची पद्धत आहे. धाडस लागतेच, पण चांगला रशर ठरलेल्या रेषेत धावतो, जेणेकरून गोलरक्षकाला उरलेली बाजू ठाऊक असते. आंधळेपणाने सुटणारा रशर गोलरक्षकाचा शत्रू असतो, हे मी बाकावरून पुष्कळदा पाहिले आहे.

गोलरक्षकाबद्दल माझा पक्षपात मान्य करूनच सांगतो: त्याला पाहू नये, ऐकावे. गोलच्या मागची जागा घेण्याचे एक कारण हेही आहे. चांगला गोलरक्षक चेंडू पलीकडच्या डीमध्ये असतानाही बोलत असतो, नाव घेऊन बोलतो, आणि ‘अरे पकड, पकड’ असे न ओरडता ‘डावा मोकळा’ असे सांगतो. त्याने किती चेंडू अडवले यावरून काही ठरत नाही, कारण दुबळ्या संघाच्या गोलरक्षकाला ते अडवावेच लागतात. शिवाय गोलरक्षक उशिरा पिकतो. भारताचा गोलरक्षक पी. आर. श्रीजेश तिरुअनंतपुरमच्या क्रीडाशाळेत गेला तो मुळात हॉकीसाठी नव्हे. गोलरक्षणाकडे तो तिथे वळला, आणि टोकियो व पॅरिस अशी दोन ऑलिंपिक कांस्यपदके त्याने तिशी ओलांडल्यावर मिळवली. विसाव्या वर्षी गोलरक्षकाला ‘नापास’ करणाऱ्या वह्या मी माझ्याकडच्याही पाहिल्या आहेत. आता मी तशी नोंदच करत नाही.

निवड कोण करतो आणि कधी

आता कॉलेज खेळाडू मिळवते कसे, ते पाहू. शालेय स्पर्धांच्या शेवटच्या दिवशी प्रेक्षागृहात तीन-चार प्रौढ माणसे वेगवेगळी बसलेली दिसली, की ते कॉलेजांचे क्रीडा संचालक आहेत असे समजायला हरकत नाही. अकरावीच्या आणि पुढे पदवीच्या प्रवेशावेळी क्रीडा कोटा, शुल्कात सवलत, वसतिगृह, गणवेश आणि साहित्य अशा गोष्टींची बोलणी होतात. काही मुले त्याआधीच वेगळ्या वाटेने गेलेली असतात: सैन्याच्या बॉईज स्पोर्ट्स कंपन्या ८ ते १४ या वयातच मुले घेतात, आणि राज्य शासनाची बालेवाडीची क्रीडा प्रबोधिनी शाळकरी वयातच खेळाडूंना निवासी प्रशिक्षण देते. फलटण तालुक्यातल्या अक्षता ढेकळे आणि वैष्णवी फाळके या प्रबोधिनीतूनच भारताच्या वरिष्ठ संघापर्यंत गेल्या. त्यामुळे कॉलेजकडे जो खेळाडू येतो, तो बहुधा यांपैकी कोणाच्याही नजरेतून निसटलेला, उशिरा उंची धरलेला किंवा लहान गावातून आलेला असतो. कॉलेज हॉकी पाहण्यात मला रस आहे तो नेमका यासाठी.

पुढची रचना पालकांना ठाऊक असावी. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे शहर, पुणे ग्रामीण, अहिल्यानगर आणि नाशिक असे विभाग आहेत. कॉलेजांच्या सामन्यांतून विभागाचा संघ, आंतरविभागीय सामन्यांतून विद्यापीठाचा संघ, त्यानंतर पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि तिथे वरचे स्थान मिळाल्यास अखिल भारतीय स्पर्धा, असा हा जिना आहे. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा २०२० मध्ये ओडिशात सुरू झाल्यापासून या जिन्याला आणखी एक मजला आला आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी वयाची मर्यादा १७ ते २५ वर्षे असते, तर कनिष्ठ विश्वचषक २१ वर्षांखालच्यांचा असतो. या दोन आकड्यांमधली तफावत फार बोलकी आहे. बावीस-तेवीस वर्षांचा, कनिष्ठ गटातून बाद झालेला खेळाडू विद्यापीठाच्या संघात खेळू शकतो. रेल्वे, तेल कंपन्या, बँका आणि सुरक्षा दले यांच्या संघांत भरतीसाठी जाणाऱ्यांपैकी अनेक जण याच वयाचे असतात. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, त्यामुळे विद्यापीठ आणि राज्य पातळीवरची प्रमाणपत्रे जपून ठेवणे हे पालकांनी खेळाइतकेच गांभीर्याने घ्यावे. मूळ प्रमाणपत्र लॅमिनेट करू नये, पडताळणीच्या वेळी ते अडचणीचे ठरते.

निवड चाचणीबद्दल माझे मत कडक आहे. एका सकाळी ऐंशी मुले, प्रत्येकाला वीस-पंचवीस मिनिटे, अनोळखी सहकारी. अशा वेळी जो चेंडू स्वतःकडे ठेवतो तोच दिसतो आणि जो चटकन पास देतो तो अदृश्य होतो. माझ्यासमोर एकदा एका बुटक्या इनसाइड फॉरवर्डला अशाच चाचणीत पहिल्याच फेरीत बाहेर काढले गेले. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे ‘घेण्याआधी पाहतो’ एवढेच होते. त्याच्या कॉलेजच्या सरांनी त्याला पुढच्या वर्षी सेंटर हाफला आणले आणि तो विद्यापीठाच्या संघातून खेळला. निवडणाऱ्यांना शक्य असेल, तर चाचणीच्या दिवसावर विसंबू नये. लीगचे दोन सामने, त्यांतला एक हरलेला, आधी पाहून ठेवावेत.

पालकांनी प्रवेश घेण्याआधी कॉलेजला काही प्रश्न थेट विचारावेत, आणि उत्तरे लेखी मागावीत. आठवड्यातून किती तास टर्फ मिळते आणि त्याचे भाडे कोण भरते? प्रशिक्षक कायमस्वरूपी आहे की स्पर्धेच्या महिन्यापुरता? गोलरक्षकाचे साहित्य कॉलेज देते का? परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर काय करतात? आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: खेळाडू जखमी झाला तर सवलत आणि वसतिगृह किती काळ चालू राहते? हा प्रश्न मी उगाच वाढवलेला नाही. माझ्या नात्यातल्या एका मुलीला शहरातल्या एका कॉलेजने मोठ्या आदराने बोलावून घेतले. दुसऱ्या वर्षी तिच्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले, आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशावेळी तिला पूर्ण शुल्क भरायला सांगण्यात आले. ज्या सरांनी शब्द दिला होता त्यांची तोवर बदली झाली होती. कागदावर काहीच नव्हते, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

घडण मोजायची तर दोन नोंदी लागतात

एका सामन्यावरून खेळाडू कसा आहे ते कळते. तो कुठे चालला आहे ते कळत नाही. त्यासाठी निदान आठ-दहा महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन नोंदी लागतात. माझी नोंद साधारण अशी असते: ‘क्र. ८, सेंटर हाफ, प्रथम वर्ष. चेंडू अकरा वेळा, आधी पाहिले चार. डावीकडून दाबले की मागेच देतो. चेंडू गेल्यावर उभा राहतो, मग धावतो. तिसऱ्या सत्रात बोलणे बंद.’ याच मुलाची पुढच्या वर्षीची नोंद: ‘चेंडू चौदा वेळा, आधी पाहिले दहा. डावीकडून दाबले की रिव्हर्सने आडवा देतो, दोनदा चुकला. शेवटपर्यंत बोलत होता.’ त्यातले ‘दोनदा चुकला’ हे मला सर्वांत आवडले, कारण पहिल्या वर्षी तो जे करायलाच धजत नव्हता, ते दुसऱ्या वर्षी करून चुकत होता. गोल, पदके आणि वर्तमानपत्रातली नावे यांत ही वाढ कुठेही दिसली नसती. तो त्या वर्षी उपांत्यपूर्व फेरीतच हरला होता.

कनिष्ठ वयातल्या यशाकडे थोड्या सावधपणे पाहावे. २०१६ मध्ये लखनौला भारताने कनिष्ठ विश्वचषक जिंकला. त्या संघातला हरमनप्रीत पुढे भारताचा कर्णधार झाला. त्या वेळचा कर्णधार हरजीत सिंग याला मात्र वरिष्ठ संघात जागा पक्की करता आली नाही. दोघांत गुणवत्तेचा फरक जमीन-अस्मानाचा होता असे त्या वेळी कोणी म्हटले नसते. विसाव्या आणि तेविसाव्या वर्षाच्या मध्ये शरीर भरते, जागा बदलते, प्रशिक्षक बदलतो, नोकरीचा प्रश्न उभा राहतो. आणि कॉलेजचा काळ नेमका त्याच पट्ट्यात येतो.

खडकीत आम्हाला एक वाईट खोड आहे, तीही सांगायला हवी. धनराज पिल्ले खडकीचा, १९६८ चा जन्म, मोडक्या स्टिकने आयुध कारखान्याच्या वसाहतीत शिकलेला, चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला. त्यामुळे दर दोन वर्षांनी कोणत्या तरी वेगवान पोराला आमच्याकडे ‘पुढचा धनराज’ म्हणतात. धनराज कॉलेज हॉकीतून वर आला नव्हता. तो मुंबईला भावाकडे गेला, तिथल्या कंपन्यांच्या संघांत खेळला आणि १९८९ मध्ये भारताकडून उतरला. पोराला हे नाव चिकटवले की त्याने पास दिला तरी लोकांना राग येतो. वहीत कोणाचीही तुलना मोठ्या खेळाडूशी करायची नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

मुलींच्या सामन्यांना तर पुण्यात आणखी कमी लोक येतात, आणि याचे मला नवल वाटते. एलिझा नेल्सन याच शहरातली. १९८० ला मॉस्कोत महिला हॉकी प्रथमच ऑलिंपिकमध्ये आली तेव्हा ती भारताच्या संघात होती, आणि १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत तिच्याच नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले. २०२४ च्या मार्चमध्ये नेहरूनगरला झालेल्या वरिष्ठ महिला राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्र अंतिम फेरीपर्यंत गेला आणि हरियाणाकडून हरला. वहीची सुरुवात करायची असेल, तर मुलींच्या सामन्यापासून करावी असे मी सुचवेन. कॉलेजच्या पातळीवर त्यांच्या खेळात अंगबळावर निभावून नेणे कमी आणि जागा शोधून पास देणे अधिक दिसते, त्यामुळे नवशिक्या डोळ्याला चेंडूविना होणाऱ्या हालचाली लवकर समजतात.

राहता राहिले खेळाडूशी बोलणे. सामना संपल्यावर लगेच बोलू नये, आणि सत्रांच्या मधल्या दोन मिनिटांत तर मुळीच नाही. तो वेळ प्रशिक्षकाचा असतो. बोलायचेच झाले तर ‘छान खेळलास’ याऐवजी एखादा प्रश्न विचारावा: तिसऱ्या सत्रात तू डावीकडे का सरकलास? ज्याला याचे उत्तर देता येते त्याच्या नावापुढे मी एक टिंब देतो. उत्तर बरोबर आहे की चूक, याने फरक पडत नाही. आणि पालक शेजारीच उभे असतील, तर वही पिशवीत ठेवावी. मुलाबद्दल लिहिलेले पाहायला मिळाले की ते पुढच्या सामन्यात मैदानाऐवजी तुमच्याकडेच पाहू लागतात.

हंगाम संपला, म्हणजे साधारण जानेवारी-फेब्रुवारीत, प्रत्येक खेळाडूच्या पानाखाली पुढच्या वर्षासाठी अर्धे पान कोरे सोडावे आणि वर तारीख घालावी. तिसऱ्या वर्षाला असलेल्यांच्या पानाखाली मीही पूर्वी जागा सोडत नसे. दोन वर्षांपूर्वी रेल्वेच्या संघात एक सेंटर हाफ खेळताना दिसला, चेंडू घेण्याआधी मान वळवणारा, आणि घरी येऊन जुनी वही काढली तेव्हा त्याचे पान खालपर्यंत भरलेले होते; नवी नोंद मला समासात उभी लिहावी लागली.